अर्धा घट

आपल्या भाषेंत कांहीं क्रियापदांस घराच्या उंबरठ्याच्या आंत येण्याची मुभा नाहीं. डब्यांतले तांदूळ संपले असें जुनी गृहिणी म्हणत नसे. ते 'वाढले' असें म्हणे. बांगडी फुटली तरी ती 'वाढली', आणि देवापुढचा दिवा विझला असें न म्हणतां तो शांत झाला असें म्हणण्याची रीत. अभावाचा नुसता उच्चार केला तरी अभाव घरांत शिरेल, ही त्यामागची भीति. अशा सावध भाषेंत वाढलेल्या कुटुंबांत हल्लीं दिवसांतून दोनतीनदां, आणि तेंहि भर जेवणाच्या पानावर, "माझी बॅटरी मेली" असें कोणी तरी बेधडक म्हणतो, आणि त्याचें कोणास कांहीं वाटत नाहीं. आम्ही मात्र अद्यापि थोडेसे दचकतों. आमच्या पिढीच्या तोंडीं 'बॅटरी उतरली' हा प्रयोग बसलेला आहे, व तो सर्व दृष्टींनीं अधिक चांगला आहे असें आमचें मत आहे. उतरलेली वस्तु पुन्हां चढूं शकते. शिवाय वापरतां वापरतां विद्युद्घटाचा दाब खरोखरच उतरत जातो, त्यामुळें हा शब्द पदार्थविज्ञानासहि मान्य व्हावा.

फोनच्या माथ्यावर कोपऱ्यांत टक्क्यांचा जो बारीक आंकडा असतो, त्याच्याशीं आजच्या मध्यमवर्गीय घराची मनःस्थिति किती बांधली गेली आहे हें पाहण्यासारखें आहे. पूर्वीं घरांतून निघतांना मनुष्य किल्ली, पैशांचें पाकीट आणि रुमाल चांचपून पाही. आतां तो प्रथम हा आंकडा पाहतो. त्यांत नवल नाहीं. आगगाडीचें तिकीट त्या पेटींत, डॉक्टरांनीं दिलेली वेळ त्या पेटींत, नातवाचें छायाचित्र त्याच पेटींत. आणि २०१६ सालीं यूपीआयची सोय सुरू झाल्यापासून कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपयेहि त्याच पेटींतून द्यावयाचे. आंकडा पंधराच्या खालीं आला कीं शांत प्रकृतीचीं माणसेंहि अस्वस्थ होतात. लग्नाच्या मांडवांत शिरल्यावर आधीं चार्जरची चौकशी करून मग वधूवरांची करणारे पाहुणे आम्हीं पाहिले आहेत. ज्या वस्तूवर इतकें अवलंबून आहे तिची निगा कशी राखावी, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. परंतु त्यावर आपल्याकडे जितकें ठामपणें बोललें जातें तितकें जाणून बोललें जात नाहीं.

आमच्या महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या खोलींत प्लग लावण्याच्या पांच जागा आहेत, पैकीं तीन चालतात. त्या तिहींभोंवतीं मधल्या सुट्टींत जी गर्दी होते तिच्यांत या विषयावरचे तीन पंथ आम्हीं ऐकले आहेत, आणि संस्कृत शिकविणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनीं त्यांस नांवेंहि देऊन ठेविलीं आहेत. पहिले पूर्णवादी. फोन शंभर टक्के भरल्यावांचून घराबाहेर पडूं नये, आणि जागा मिळेल तेथें तो लावून ठेवावा, म्हणजे भांडें नेहमीं कांठोकांठ राहतें, असें त्यांचें म्हणणें. दुसरे शून्यवादी. बॅटरी पूर्ण उतरूं द्यावी, फोन आपोआप बंद पडूं द्यावा, आणि मगच ती चढवावी. मधेंच चढविली तर ती 'आळशी' होते, असा त्यांचा सिद्धांत आहे. तिसरे संन्यासमार्गी. मनुष्याचे श्वास जसे मोजून दिलेले असतात तसें बॅटरीचें चढणें-उतरणेंहि मोजून दिलेलें आहे, तेव्हां जितका वापर कमी तितकें तिचें आयुष्य अधिक, असें हे मानतात. रसायनशास्त्राचे आमचे सहकारी हें सर्व ऐकत मुकाट्यानें चहा पितात. त्यांस एकदां बाजूला घेऊन विचारल्यावर जें कळलें, आणि पुढें वाचून जें ताडून पाहतां आलें, तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें. कारण हे तीनहि पंथ सुशिक्षितांच्या घरोघरीं नांदत आहेत.

गंमत अशी कीं यांतला कोणताहि पंथ निव्वळ थाप नाहीं. प्रत्येकाचें मत कोणत्या ना कोणत्या विद्युद्घटास लागू आहे. फक्त तो घट आपल्या फोनांत नाहीं. फ्रान्समध्यें गास्तों प्लांते यानें १८५९ सालीं शिशाचा, पुन्हां पुन्हां भरतां येणारा घट तयार केला. मोटारींत आणि जिन्याखालच्या इन्व्हर्टरमध्यें आजहि बहुधा त्याच कुळाची बॅटरी असते. तिचा स्वभाव असा कीं ती उतरलेल्या स्थितींत पडून राहिली तर शिशावर साचलेले सल्फेटचे कण घट्ट होत जातात व ती पुढें नीट भरत नाहीं. म्हणून ती सदा भरलेली ठेवावी. भारनियमनाच्या दिवसांत घरोघरीं इन्व्हर्टर आले, आणि पूर्णवादी लोक तो धडा तेथें शिकले. पुढें स्वीडनमधील वाल्डेमार युंगनर यानें १८९९ सालीं निकेल व कॅडमियम यांचा घट केला. या घटास 'स्मृति' आहे असें म्हणत. तीच ती अर्धवट उतरण वारंवार झाली कीं त्याचा दाब त्याच ठिकाणीं लौकर पडूं लागे. पूर्ण उतरवून भरला म्हणजे तो पुन्हां ताळ्यावर येई. पहिल्या पिढीच्या मोबाइल संचांतून आणि बिनतारी खेळण्यांतून हा घट असे. शून्यवाद्यांचें तत्त्वज्ञान तेथून आलेलें आहे. घट गेला, तत्त्वज्ञान राहिलें. वडिलांसाठीं लिहून दिलेल्या औषधाचा कागद जपून ठेवावा आणि तो नातवाच्या तापावर चालवावा, त्यांतला हा प्रकार.

आजच्या फोनांतला घट लिथियमचा. लिथियम हें मूलद्रव्य १८१७ सालीं स्वीडनमध्यें आर्फवेदसन यास एका खनिजांत सांपडलें, आणि दगड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास नांव मिळालें. नांव दगडाचें असलें तरी सर्व धातूंत तो हलका आहे, आणि अतिशय चंचल. १९७० नंतरच्या दशकांत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनीं एक्सॉन या तेलाच्या कंपनींत राहून त्याचा भरतां येणारा घट बनविला. पण त्यांत शुद्ध लिथियम असल्यामुळें तो पेट घेण्याची भीति असे. १९८० सालीं ऑक्सफर्ड येथें जॉन गुडइनफ यांनीं कोबाल्टच्या ऑक्साइडचें धनाग्र सुचविलें व घटाचा दाब पुष्कळ वाढला. १९८५ सालीं जपानांत अकिरा योशिनो यांनीं दुसऱ्या बाजूस शुद्ध लिथियमऐवजीं कोळशाच्या जातीचा पदार्थ वापरून तो घट सुरक्षित केला, आणि १९९१ सालीं सोनी कंपनीनें तो बाजारांत आणिला. या तिघां शास्त्रज्ञांस मिळून २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. गुडइनफ त्या वेळीं सत्त्याण्णव वर्षांचे होते. इतक्या वयांत हें पारितोषिक दुसऱ्या कोणास मिळालेलें नाहीं. त्यांचें तें मुख्य संशोधन त्यांनीं पन्नाशी चांगलीच उलटल्यावर केलें, ही गोष्ट आमच्या वयाच्या प्राध्यापकांनीं मनाशीं जपून ठेवण्यासारखी आहे. ते २०२३ सालीं शंभर वर्षांचे होऊन वारले. ज्या घटास शंभर टक्के मानवत नाहीं त्याच्या जनकास शंभरी मात्र मानवली.

शंभर टक्के कां मानवत नाहीं, तें समजण्यास घटाच्या आंत डोकवावें लागतें. आंत दोन बाजूंस दोन थराथरांचे पदार्थ असतात. एकीकडे ग्राफाइट, दुसरीकडे कोबाल्टचें किंवा तत्सम धातूंचें ऑक्साइड. पुस्तकाच्या पानांत पिंपळपान ठेवावें तसे लिथियमचे विद्युद्भारित कण त्या थरांत जाऊन बसतात. आपण चार्जर लावला कीं ते ग्राफाइटच्या घरीं ढकलले जातात. फोन वापरूं लागलों कीं ते आपल्या मूळ घरीं परततात. शास्त्रज्ञांनीं या घटास हलत्या खुर्चीची उपमा दिलेली आहे. आपण त्यास झोपाळा म्हणूं. झोपाळा मध्यावर संथ हलत असतांना कड्यांस त्रास नाहीं. दोन्ही टोंकांस जोरानें नेला कीं त्या करकरतात. तसेंच येथें होतें. घट पूर्ण भरला म्हणजे त्याचा दाब सुमारें ४.२ व्होल्टपर्यंत चढतो, आणि नव्या फोनांतून तो ४.४ च्या आसपासहि नेतात. या ताणाखालीं आंतील द्रव हळूहळू बिघडूं लागतो, आणि ज्या घरांतले बहुतेक कण निघून गेले त्या घराची बांधणी खिळखिळी होते. उलट घट अगदीं तळाला गेला तर दुसऱ्या बाजूची हानि संभवते. म्हणून फोन शून्य दाखवून बंद पडतो त्या वेळींहि तळाशीं थोडेंसें शिल्लक ठेवूनच तो बंद पडत असतो. शून्यवाद्यांस शून्य कधीं पाहावयासच मिळत नाहीं!

याखेरीज एक झीज अटळ आहे. ग्राफाइटवर पहिल्याच भरणीला एक पातळ साय धरते. ती आवश्यक आहे. तिच्या आडोशानेंच आंतला द्रव शाबूत राहतो. पण ती साय वर्षानुवर्षें जाड होत जाते आणि तिच्यांत लिथियमचे कण अडकून कायमचे निकामी होतात. ही साय वापरानें वाढते, उष्णतेनें वाढते, भरलेल्या स्थितींत पडून राहिल्यानें वाढते, आणि नुसत्या काळानेंहि वाढते.

तेव्हां व्यवहार एवढाच ठरतो कीं वीस टक्क्यांच्या आसपास लावावा, ऐंशीच्या आसपास काढावा, आणि मधून मधून थोडाथोडा चढविला तरी बिघडत नाहीं. अर्धा भरलेला घडा फार आवाज करतो म्हणून आपण त्यास लहानपणापासून हिणवीत आलों आहों. आपल्या मंगल कल्पना सगळ्या पूर्णत्वाच्या: पूर्ण कलश, भरली ओटी, धान्यानें भरलेली कणगी. त्यामुळें पन्नास टक्के पाहून ज्यांचा जीव कासावीस होतो त्यांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांच्या कासाविशीमागें हजारों वर्षें उभीं आहेत. पण हा घट अर्धा असतो तेव्हांच सर्वांत सुखांत असतो, त्याला इलाज नाहीं. प्रवासास निघावयाचें असेल त्या दिवशीं मात्र खुशाल शंभर करावे. वस्तूसाठीं आपण नव्हे.

उष्णतेविषयीं थोडें सविस्तर लिहिलें पाहिजे, कारण आपल्या हवेंत बॅटरीचा खरा वैरी तीच आहे, आणि टक्क्यांचा हिशेब ठेवणारे लोक तिचा हिशेब ठेवीत नाहींत. ॲपल कंपनी आपल्या फोनांस १६ ते २२ अंश सेल्सिअसची हवा उत्तम म्हणून सांगते, आणि ३५ च्या वर नेऊं नये असें बजावते. सोळा ते बावीस! नागपूर-चंद्रपूरकडे वैशाखांत पारा ४५ च्या पलीकडे जातो, तेथील मनुष्यास हें वाक्य वाचून हंसूं यावें कीं रडूं? पण हवा आपल्या हातीं नसली तरी पुष्कळ गोष्टी आहेत. उन्हांत उभ्या केलेल्या बंद मोटारींत फोन ठेवूं नये. मोटारीच्या कांचेखालीं ऊन खात, नकाशा दाखवीत आणि त्याच वेळीं चार्जरहि ओढीत असलेला फोन म्हणजे तिहींकडून भाजणें. रात्रीं उशीखालीं किंवा दुलईंत ठेवून तो चढवूं नये. आंतली ऊब बाहेर पडावयास वाट राहत नाहीं. जाड रबरी आवरण असेल आणि चढवितांना फोन कढत होत असेल तर तें काढावें. स्वयंपाकघरांत ओट्याच्या कडेला शेगडीशेजारीं पाककृति पाहण्यासाठीं उभा केलेला फोन तर घरोघरीं दिसतो. त्यास हातभर दूर सरकविण्यास कांहींच खर्च येत नाहीं. तारेवांचून, नुसता तबकडीवर ठेवून चढविण्याची जी नवी तऱ्हा आहे तिनें ऊब अधिक होते हेंहि लक्षांत ठेवावें.

यावर कोणी म्हणेल कीं मग शीतकपाटांत ठेवावा. असें करणारे गृहस्थ आहेत. त्यांनीं तें करूं नये. बाहेर काढल्यावर फोनच्या आंत दंव धरतें. हिमालयांत यात्रेस गेलेल्यांचा अनुभव आहे कीं भरलेला फोन थंडीनें एकाएकीं बंद पडतो व उबेस आणल्यावर पुन्हां बोलूं लागतो. तो दोष तात्पुरता आहे. गोठणबिंदूच्या खालीं मात्र तो चढवूं नये. कारण तेव्हां लिथियमचे कण थरांत न शिरतां धातुरूपानें वरच साचतात, आणि तें नुकसान भरून येत नाहीं.

रात्रभर लावून ठेवावा कीं नाहीं, यावर नवराबायकोंचे वाद झालेले आम्हांस ठाऊक आहेत. पूर्वीं या वादांत अर्थ होता. आतां बराचसा उरलेला नाहीं. ॲपलनें २०१९ पासून अशी योजना केली आहे कीं आपण रोज केव्हां उठतों हें फोन शिकतो, रात्रीं ऐंशीवर थांबतो, आणि उरलेले वीस पहांटे घेतो. इतर कंपन्यांच्या पुष्कळ फोनांतहि ऐंशी किंवा त्याच्या आसपास थांबण्याची सोय असते. ती एकदां चालू केली कीं विषय संपला. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ मध्यरात्रीं दोन वाजतां गजर लावून उठत आणि चार्जर काढून पुन्हां निजत. बॅटरीचें आयुष्य वाढविण्यासाठीं स्वतःचें कमी करण्याचा हा मार्ग आम्ही कोणास सुचविणार नाहीं. चार्जर चांगल्या बनावटीचा, ओळखीच्या दुकानांतला असावा, यापलीकडे त्याविषयीं सांगण्यासारखें फारसें नाहीं.

उरले संन्यासमार्गी. त्यांच्याविषयीं आम्हांस हंसत लिहवत नाहीं.

त्यांचा आधार आहे तो फेऱ्यांच्या संख्येचा. कंपन्या सांगतात कीं बॅटरी इतक्या पूर्ण फेऱ्यांनंतर मूळच्या ऐंशी टक्के क्षमतेवर येईल. ॲपलच्या चौदाव्या क्रमांकापर्यंतच्या फोनांत ही संख्या ५०० होती, पंधराव्यापासून १०००. युरोपीय संघानें २० जून २०२५ पासून तेथें विकल्या जाणाऱ्या फोनांस किमान ८०० फेऱ्यांची अट घातली आहे. आतां यांत दोन गोष्टी नीट वाचावयाच्या राहून जातात. फेरी म्हणजे प्लग लावणें नव्हे. आज पन्नास टक्के वापरले, उद्यां पन्नास वापरले, मिळून एक फेरी. आणि ही संख्या मृत्यूची तिथि नव्हे. त्यानंतरहि घट चालतो, पूर्वीं संध्याकाळपर्यंत पुरत असला तर आतां दुपारपर्यंत पुरतो, इतकेंच. पण अर्धवट ऐकलेली संख्या एखाद्या काटकसरी मनांत जाऊन बसली म्हणजे तिचें काय होतें, तें आम्हीं जवळून पाहिलें आहे.

आमच्या एक आत्याबाई सातारा जिल्ह्यांतील एका लहान गांवीं एकट्या राहतात. वय ऐंशीच्या पुढें. त्यांनीं रॉकेल मापून घेतलेलें आहे. कंदिलाची वात निजानीज होतांच खालीं ओढलेली आहे. साखरेच्या पुडीचा दोरा गुंडाळून ठेवलेला आहे. मुलगा परदेशीं असतो. त्यानें त्यांस फोन पाठविला, आणि सुटींत आलेल्या एका नातवानें चालवावयास शिकवितांना सहज सांगितलें कीं आजी, ही बॅटरी पांचशें वेळां चढते, मग जाते. झालें. आत्याबाईंनीं मनाशीं भागाकार मांडला. दर रविवारीं फोन पूर्ण शंभर करावयाचा, रात्रीं आठला मुलाशीं दहा मिनिटें बोलावयाचें, मग तो बंद करून धुवट लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून माडीवरच्या कपाटांत ठेवावयाचा. माडीवर पत्रे आहेत. एरवीं आठवडाभर तो फोन बंद असे. आम्ही सगळे नातेवाईक तो 'रविवारचा फोन' म्हणूनच ओळखत असूं, आणि त्यांच्या व्यवस्थितपणाचें थोडें कौतुकहि होत असे.

तीन वर्षांपूर्वींच्या वैशाखांत, एका बुधवारीं पहांटे, त्या न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या. खुब्याचें हाड मोडलें. दूधवाला नेहमींप्रमाणें दाराशीं पिशवी अडकवून गेला. दुपारीं बाराच्या सुमारास ती पिशवी तशीच लोंबतांना शेजारणीस दिसली, तेव्हां दार उघडविण्यांत आलें. सहा तास त्या ओल्या फरशीवर होत्या. योगायोग असा कीं त्याच सकाळीं मुलानें कांहीं कामासाठीं तीन वेळां फोन लावला होता. तिन्ही वेळां फोन बंद असल्याचें त्या यंत्रांतल्या बाईनें गोड आवाजांत सांगितलें. त्यास त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं, कारण बुधवार होता.

फोन चालू असता तरी तो माडीवर राहिला असता, न्हाणीघरांत थोडाच असता, असें कोणी म्हणेल. खरें आहे. परंतु वाजलेला आणि न उचललेला फोन ही एक बातमी असते. सकाळीं सातला तीन वेळां वाजून आईनें उचलला नाहीं, तर मुलगा शेजारणीस फोन करील. शेजारीण दार ठोठावील. रोजच बंद असणारा फोन कांहींच सांगत नाहीं. संध्याकाळीं आम्ही तेथें पोहोंचलों. मुलाचा नंबर पाहण्यासाठीं कपाटांतून तो फोन काढला, लुगड्याचा तुकडा सोडला, बटण दाबलें. वरच्या कोपऱ्यांत आंकडा होता १००.

आतां त्या जपणुकीचा जमाखर्च पाहा. फोन दीर्घकाळ ठेवून द्यावयाचा असेल तर तो निम्मा भरून, बंद करून, थंड जागीं ठेवावा, असें शास्त्र सांगतें. आत्याबाईंनीं तो पूर्ण भरून पत्र्याखालच्या तापलेल्या कपाटांत ठेवला होता. म्हणजे सायीची जाडी वाढविण्यास जें जें लागतें तें सर्व त्यास मिळत होतें. रुग्णालयांत तो दिवसभर चालू ठेवूं लागल्यावर सकाळीं शंभर असलेला आंकडा जेवणाच्या वेळेस चाळिसावर येई. पांचशें फेऱ्यांपैकीं त्याच्या पुरत्या पन्नासहि झाल्या नसतील. तिसऱ्या दिवशीं आम्हीं त्यांस हें समजावून सांगितलें, कारण त्यांनींच विचारलें कीं एवढा जपलेला फोन दुपारींच कसा दमतो. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें, आणि छताकडे पाहत म्हटलें, "म्हणजे कपाटांत बसून बसूनच झिजली होय रे ती?"

"होय, आत्या."

"मग बोलून झिजली असती, तर तुम्हां सगळ्यांची खबर तरी कळली असती मला."

त्या फोनची बॅटरी पुढें आम्हीं तालुक्याच्या गांवीं बदलून घेतली. दुकानदार तरुण मुलगा होता. त्यानें फोनची पाठ गरम हवेनें सैल करून, पातळ पट्टीनें अर्धा तास खपून उचकटली, कारण ती सरसानें चिकटविलेली असते. पूर्वींच्या संचांत हें काम अंगठ्याच्या नखानें होत असे. बॅटरी ही मुळांत झिजण्याची वस्तु आहे हें सर्व कंपन्यांस ठाऊक आहे, आणि तरीहि ती काढतां येऊं नये अशी फोनची घडण करावयाची, हें आम्हांस सरळ वाटत नाहीं. ॲपलनें २०१७ च्या डिसेंबरांत कबूल केलें कीं जुन्या बॅटरीचे फोन एकाएकीं बंद पडूं नयेत म्हणून ते आंतून मंद केले जात होते. मध्यंतरीं किती लोकांनीं फोन म्हातारा झाला असें समजून नवा घेतला असेल! त्यानंतर त्या कंपनीनें बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरांवरून २९ केला. युरोपीय संघाचा २०२३ सालचा कायदा असें सांगतो कीं, कांहीं अपवाद सोडून, फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतील बॅटऱ्या वापरणाऱ्यास स्वतः काढतां-घालतां आल्या पाहिजेत. तो कायदा येथला नव्हे, पण फोन बनविणारे तेच आहेत, तेव्हां त्याचा थोडा लाभ आपल्याहि पदरांत पडावा. तोंपर्यंत, दिवाळीच्या स्वस्ताईंत नवा फोन घेण्यापूर्वीं जुन्याची बॅटरी बदलून पाहावी, असें आम्ही घरोघरीं सांगत असतों. चपलेचा अंगठा तुटला म्हणून आपण चप्पल टाकीत नव्हतों.

काढलेली बॅटरी त्या मुलानें दाखविली. ती मधोमध किंचित् फुगलेली होती. फुगलेली बॅटरी दाबूं नये, टोंचूं नये, आणि घरच्या कचऱ्यांत टाकूं नये. आंतला पदार्थ पेट घेणारा आहे. २०२२ सालच्या आपल्याकडील नियमांप्रमाणें अशा बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बनविणाऱ्यांवर व आणणाऱ्यांवर आहे, म्हणून ती दुकानांतच देऊन यावी. आम्हीं तसें केलें.

आत्याबाई आतां काठी घेऊन हिंडतात. फोन ऐंशीवर थांबेल अशी व्यवस्था त्यांत करून दिलेली आहे. त्याची जागा माडीवरच्या कपाटांतून ओसरीवरच्या कोनाड्यांत आली आहे, जेथें वारा लागतो आणि ऊन येत नाहीं. तो रात्रंदिवस चालू असतो, आणि दिवेलागणीस वीसपंचविसावर आला कीं त्या स्वतः लावतात. मध्यंतरीं आम्हीं एका मंगळवारीं सकाळीं दहाला त्यांस फोन केला, तर त्या दुसऱ्या कोणाशीं बोलत होत्या. बाराला पुन्हां केला. तेव्हांहि बोलतच होत्या.